ताऱ्यांचे जन्मवितरण बदलले तर दीर्घिका-निर्मितीच्या प्रारूपांत काय बदलते

प्रश्न असा आहे की, दीर्घिकांच्या निर्मितीची जवळजवळ सर्व संगणकीय प्रारूपे एक गोष्ट गृहीत धरून चालतात: वायूच्या मेघातून तारे जन्मतात तेव्हा हलक्या आणि जड ताऱ्यांचे प्रमाण विश्वात सर्वत्र व सर्व काळी एकसारखेच असते. ताऱ्यांच्या जन्मवेळच्या वस्तुमानांचे हे वितरण, ज्याला अभ्यासक बोलताना नुसते आयएमएफ (इनिशियल मास फंक्शन) म्हणतात आणि ज्याला मी पुढे जन्मवितरण म्हणेन, परिस्थितीनुसार बदलत असेल तर या प्रारूपांचे कोणते निष्कर्ष टिकतात आणि कोणते कोसळतात? प्रश्नकर्ते स्वतः अर्ध-विश्लेषणात्मक प्रारूप चालवतात, म्हणजे वायूचा प्रत्येक कण न हलवता सोप्या समीकरणांनी दीर्घिकांची वाढ मोजणारे प्रारूप. जन्मवितरण बदलून पाहायचे झाल्यास प्रारूपात नेमका कुठे हात घालावा, हेही त्यांना हवे आहे.

आधी उत्तराचा गाभा सांगतो. साऱ्या विश्वासाठी एकच, पण नेहमीपेक्षा वेगळे जन्मवितरण निवडले, तर आकडे बदलतात, भौतिक चित्र फारसे बदलत नाही. जन्मवितरण दीर्घिकेगणिक किंवा काळागणिक बदलते ठेवले तर मात्र चित्र बदलू शकते. पण तो बदल एकाच ठिकाणी करून भागत नाही, कारण जन्मवितरण प्रारूपात चार वेगवेगळ्या वाटांनी शिरते आणि ज्या निरीक्षणांशी आपण प्रारूप ताडून पाहतो त्यांत ते पाचव्या वाटेने आधीच शिरलेले असते. या परिणामांपैकी काही एकमेकांना खोडून काढतात. बदलत्या जन्मवितरणाविषयी गेल्या वीस वर्षांत झालेले बरेचसे वाद ही खोडाखोड नीट न मोजल्यामुळे लांबले, असे माझे मत आहे.

सुरुवात १९५५ पासून करावी लागते. एडविन सॅल्पीटर यांनी सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांच्या मोजदादीवरून दाखवले की समान रुंदीच्या वस्तुमान-पट्ट्यांतील ताऱ्यांची संख्या वस्तुमानाच्या उणे २.३५ व्या घाताने उतरत जाते, म्हणजे वस्तुमान दुप्पट झाले की संख्या सुमारे एक-पंचमांश होते. पुढे लाल बटूंची, म्हणजे सर्वांत हलक्या आणि मंद ताऱ्यांची, मोजणी सुधारल्यावर लक्षात आले की अर्ध्या सौरवस्तुमानाखाली हा उतार बराच सौम्य होतो. पाव्हेल क्रूपा यांनी २००१ मध्ये हे तुकड्यातुकड्यांच्या घातरेषेने मांडले, तर जिल शाब्रिए यांनी २००३ मध्ये एका गुळगुळीत वक्राने. आज बहुतेक प्रारूपे या दोहोंपैकी एक वापरतात. सॅल्पीटर यांची रेषा ०.१ सौरवस्तुमानापर्यंत ताणली आणि तिची तुलना शाब्रिए यांच्या वक्राशी केली, तर तितक्याच प्रकाशासाठी सॅल्पीटर यांच्या हिशेबाने ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे १.६ पट भरते. फरक सगळा अशा बटू ताऱ्यांचा आहे, जे वस्तुमानात मोजले जातात पण प्रकाशात जवळपास दिसत नाहीत.

आता त्या चार वाटा. पहिली वाट प्रकाशाची. तरुण ताऱ्यांच्या समूहातील अतिनील प्रकाश काही थोड्या जड ताऱ्यांकडून येतो, जुन्या समूहातील प्रकाश सूर्याएवढ्या किंवा किंचित जड वस्तुमानाच्या राक्षसी ताऱ्यांकडून येतो, आणि ज्यांचे आयुष्य विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयापेक्षा जास्त आहे ते हलके तारे वस्तुमानाचा साठा तेवढा सांभाळून बसतात. दुसरी वाट वायूच्या परताव्याची. तारे मरताना आपल्या वस्तुमानाचा काही भाग आंतरतारकीय वायूत परत टाकतात, आणि हा परतावा सॅल्पीटर यांच्या वितरणात सुमारे २७ टक्के, तर शाब्रिए यांच्या वितरणात सुमारे ४१ टक्के येतो. परत आलेल्या वायूतून पुन्हा तारे बनतात, त्यामुळे हा आकडा दीर्घिकेच्या आयुष्यमानावर थेट परिणाम करतो.

तिसरी वाट धातूंची. खगोलशास्त्रात हेलियमच्या पुढच्या सगळ्या मूलद्रव्यांना धातू म्हणतात. ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम प्रामुख्याने आठ सौरवस्तुमानांहून जड ताऱ्यांच्या स्फोटांतून, काही कोटी वर्षांच्या आत, बाहेर पडतात. लोहाचा मोठा वाटा मात्र श्वेतबटूंच्या, म्हणजे हलक्या ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरणाऱ्या गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो आणि त्याला अब्जावधी वर्षांपर्यंत उशीर होऊ शकतो. चौथी वाट ऊर्जेची. प्रत्येक जड ताऱ्याचा सुपरनोव्हा सुमारे १०^५१ अर्ग ऊर्जा वायूत ओततो, वायू तापतो, दीर्घिकेबाहेर फेकला जातो आणि पुढची ताऱ्यांची निर्मिती मंदावते. याला आमच्या क्षेत्रात फीडबॅक म्हणतात, आणि आजच्या प्रारूपांत सर्वांत नाजूक भाग तोच आहे. सॅल्पीटर यांच्या वितरणानुसार साधारण १३५ सौरवस्तुमानांचे तारे बनले की एक सुपरनोव्हा मिळतो, आणि शाब्रिए यांच्यानुसार सुमारे ८५ सौरवस्तुमानांमागे एक.

हा फरक मोठा वाटतो, तरी साऱ्या विश्वासाठी एक वितरण काढून दुसरे बसवल्याने प्रारूपाचे निष्कर्ष फारसे का हलत नाहीत? कारण फीडबॅकची कार्यक्षमता कोणत्याही प्रारूपात मूळ तत्त्वांवरून काढलेली नसते. ती आजच्या दीर्घिकांच्या वस्तुमान-वितरणाशी जुळवून घेतलेली असते. ईगल या सिम्युलेशन-मालिकेत सुपरनोव्हांच्या उपलब्ध ऊर्जेला लावलेला गुणक वायूच्या घनतेनुसार आणि धातुतेनुसार ०.३ ते ३ या पल्ल्यात बदलतो. दहापट मोकळीक असलेल्या या गुणकात १.६ पटीचा फरक सहज जिरतो. जन्मवितरण बदलले, गुणक पुन्हा जुळवला, आणि आलेख पुन्हा निरीक्षणांवर बसला. त्यामुळे ‘आमचे प्रारूप जन्मवितरणाच्या निवडीवर अवलंबून नाही’ असे विधान वाचले की मी प्रथम पाहतो की पुनर्जुळणी केली होती की नाही. केली असेल तर त्या विधानातून जन्मवितरणाविषयी फारसे काही कळत नाही.

आणखी एक मर्यादा इथेच नोंदवतो. मोठ्या वैश्विक सिम्युलेशनमध्ये एक ‘तारा-कण’ म्हणजे साधारण दहा लाख सौरवस्तुमानांचा ताऱ्यांचा समूह असतो. ईगल आणि इलस्ट्रिस-टीएनजी या दोन्हींच्या मुख्य संचांत वायूचे घटक त्याच कोटीचे आहेत. त्यामुळे जन्मवितरण तिथे घडत नाही. ते तक्त्याच्या रूपाने बाहेरून बसवलेले असते. सिम्युलेशन पाहून जन्मवितरण बदलते की नाही हे ठरवता येत नाही. ते बदलते असे मानले तर पुढे काय होईल, एवढेच तपासता येते.

बदलते जन्मवितरण मानण्याचा मोह या क्षेत्राला जुनाच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असे दिसून आले की सूर्याच्या परिसरात कमी धातुतेचे, दीर्घायुषी, सूर्यासारखे तारे साध्या रासायनिक उत्क्रांतीच्या हिशेबापेक्षा फारच कमी आहेत. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये सुचवले की आरंभीच्या काळात जड तारे अधिक प्रमाणात जन्मले असावेत. त्यांनी धातू तर निर्माण केले, पण हलके तारे मागे ठेवले नाहीत. कल्पना सुरेख होती. पण दहा वर्षांच्या आत ध्यानात आले की आकाशगंगेत बाहेरून वायू सतत येत राहतो असे धरले तर जन्मवितरणाला हात न लावता तेच कोडे सुटते. या इतिहासामुळे माझ्या पिढीतील अनेक प्रारूपकार जन्मवितरण बदलण्याकडे शेवटचा उपाय म्हणून पाहतात, आणि ही सावधगिरी बहुतांशी योग्यच आहे.

तरीही ज्या एका प्रकरणात तो उपाय पूर्ण ताकदीने वापरला गेला, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. १९९७-९८ च्या सुमारास हवाईतील मौना केआवरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीवर बसवलेल्या स्कुबा या उपकरणाने सबमिलिमीटर तरंगलांबीत तेजस्वी अशा दूरच्या दीर्घिका दाखवल्या. धुळीने वेढलेल्या या दीर्घिकांत वर्षाला शेकडो सौरवस्तुमानांचे तारे बनत असावेत असा अंदाज निघाला. डरहॅम येथील गटाच्या गॅलफॉर्म प्रारूपाला इतक्या तेजस्वी दीर्घिका पुरेशा संख्येने निर्माण करता येईनात. २००५ मध्ये कार्लटन बॉ आणि सहकाऱ्यांनी धाडसी पाऊल उचलले: दीर्घिकांच्या विलीनीकरणातून पेटणाऱ्या तारास्फोटांत (म्हणजे अल्पकाळात प्रचंड वेगाने तारे जन्मण्याच्या लाटांत; ताऱ्यांच्या मृत्यूचे स्फोट नव्हेत) जन्मवितरण पूर्ण सपाट धरले, म्हणजे वस्तुमानाच्या प्रत्येक दहापटीच्या पट्ट्यात, एक ते दहा असो की दहा ते शंभर, ताऱ्यांची संख्या सारखीच.

या गृहीतकाचा अर्थ कागदावर मोजून पाहावा. ०.१ ते १०० सौरवस्तुमानांच्या मर्यादेत सपाट वितरण घेतले तर जन्मलेल्या वस्तुमानाचा ९२ टक्के भाग आठ सौरवस्तुमानांहून जड ताऱ्यांत जातो. सॅल्पीटर यांच्या वितरणात हाच भाग सुमारे १४ टक्के असतो. अतिनील प्रकाश वाढतो, तो शोषून पुन्हा उत्सर्जित करणारी धूळही वाढते, कारण धूळ धातूंपासून बनते, आणि म्हणून सबमिलिमीटर तेज दोन्ही बाजूंनी वाढते. पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. जन्मलेल्या वस्तुमानाचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग वायूत परत जातो, म्हणजे इतका प्रखर तारास्फोट संपल्यावर मागे तारे जवळपास उरतच नाहीत. गंमत म्हणजे सुपरनोव्हांची संख्या तितकी वाढत नाही: शाब्रिए यांच्या वितरणाच्या तुलनेत ती प्रति सौरवस्तुमान जेमतेम दुप्पट होते, कारण वस्तुमान थोड्या पण फार जड ताऱ्यांत अडकते. म्हणजे प्रकाश, धातू, परतावा आणि स्फोट या चारही गोष्टी जन्मवितरणाबरोबर बदलतात, पण एकाच प्रमाणात नाही. ‘जड ताऱ्यांकडे झुकलेले वितरण घेतले की सर्व काही तेवढ्याच पटीने वाढते’ ही समजूत इथेच सोडून द्यावी.

पुढे काय झाले? २०१६ मध्ये सेड्रिक लेसी आणि सहकाऱ्यांनी याच प्रारूपाच्या नव्या आवृत्तीत तारास्फोटांतील वितरण बरेच सौम्य केले. लॉगरिदमी, म्हणजे दहापटीच्या पट्ट्यांत मोजले तर सॅल्पीटर यांचा २.३५ हा घात १.३५ होतो आणि सपाट वितरणाचा शून्य; त्या मापात त्यांनी १ घेतला, शून्य नव्हे. त्यानंतर शार्क या अर्ध-विश्लेषणात्मक प्रारूपाने आणि सिम्बा या जलगतिकीय सिम्युलेशनने शाब्रिए यांचे एकच वितरण सर्वत्र वापरून सबमिलिमीटर दीर्घिकांची संख्या बऱ्यापैकी गाठली. म्हणजे श्मिट यांच्या वेळेसारखीच गोष्ट पुन्हा घडली असे वाटले: वायूचा पुरवठा, विलीनीकरण आणि धूळ यांचे चित्रण सुधारले आणि जन्मवितरणाची निकड कमी झाली. दीर्घिकांची नुसती संख्या हा जन्मवितरणाचा पुरावा म्हणून फार दुबळा आहे, हे यातून मला तरी पटले.

पण कथा तिथे संपली नाही. २०१८ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीने गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे वाटेतल्या वस्तुमानाने प्रकाश वाकवल्यामुळे, उजळलेल्या चार सबमिलिमीटर दीर्घिकांत कार्बन मोनॉक्साइडच्या दोन समस्थानिकांची तुलना केली. कार्बन-१३ मुख्यतः कमी आणि मध्यम वस्तुमानाच्या ताऱ्यांतून, उशिरा येतो, तर ऑक्सिजन-१८ जड ताऱ्यांतून. या दीर्घिकांत या दोन समस्थानिकांच्या रेषांची तीव्रता जवळपास सारखी आली, जी आकाशगंगेतील प्रमाणापेक्षा स्पष्टपणे वेगळी आहे. सर्वांत सरळ अर्थ असा की तिथे जड तारे खरोखरच अधिक प्रमाणात जन्मत असावेत. धूळ, दीर्घिकेचे अंतर किंवा एकूण वस्तुमान यांत चूक झाली तरी समस्थानिकांचे हे गुणोत्तर फारसे बिघडत नाही, आणि त्याचे मोल त्यातच आहे. ज्या दीर्घिकांसाठी बॉ यांनी सपाट वितरण सुचवले होते, त्याच वर्गातल्या दीर्घिकांकडे पूर्णपणे वेगळ्या पुराव्याने बोट दाखवले गेले.

याच सुमारास जवळचाही एक दाखला आला. आकाशगंगेशेजारच्या मोठ्या मॅजेलनी मेघ या छोट्या दीर्घिकेतील टॅरँट्युला तेजोमेघात, जिथे तारे एकेकटे मोजता येतात, १५ ते २०० सौरवस्तुमानांच्या दरम्यानचा घात २.३५ ऐवजी सुमारे १.९ निघाला आणि ३० सौरवस्तुमानांहून जड तारे अपेक्षेपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने जास्त आढळले. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या तरुण ताऱ्यांतही जड ताऱ्यांचे प्रमाण जास्त असल्याचे मोजले गेले आहे. तारास्फोटांत वितरण जड ताऱ्यांकडे झुकते या म्हणण्याला म्हणूनच मी आज वीस वर्षांपूर्वीपेक्षा अधिक वजन देतो.

याच्या नेमका उलटा कौल मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांनी दिला आहे. २०१० मध्ये पीटर व्हॅन डोक्कुम आणि चार्ली कॉनरॉय यांनी कन्या आणि कोमा या दीर्घिकासमूहांतील आठ मोठ्या दीर्घिकांच्या वर्णपटांत सोडियमच्या आणि लोह-हायड्राइडच्या अशा शोषणरेषा मोजल्या, ज्या लाल बटूंत ठळक आणि राक्षसी ताऱ्यांत क्षीण असतात. निष्कर्ष असा की तिथे हलके तारे आकाशगंगेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. दोन वर्षांनी मिकेले कॅपेलारी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅटलस-थ्रीडी सर्वेक्षणातील २६० दीर्घिकांच्या ताऱ्यांच्या गतींवरून दाखवले की वस्तुमान आणि प्रकाश यांचे गुणोत्तर दीर्घिकेनुसार पद्धतशीरपणे वाढत जाते आणि सर्वांत मोठ्या दीर्घिकांत ते सॅल्पीटर यांच्या वितरणाइतके किंवा त्याहूनही जास्त भरते.

दोन स्वतंत्र पद्धती एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, त्यामुळे बराच उत्साह होता. पण रसेल स्मिथ यांनी २०१४ मध्ये एक अडचणीची गोष्ट समोर ठेवली: एकूण कल दोन्हीकडे सारखा असला, तरी त्याच दीर्घिका घेऊन एकेकीची तुलना केली तर दोन्ही पद्धतींचे आकडे जुळत नाहीत. शिवाय ईएसओ ३२५-जी००४ ही जवळची, ताऱ्यांच्या वेगांचा पसारा सेकंदाला ३०० किलोमीटरहून अधिक असलेली दीर्घिका गुरुत्वीय भिंगाच्या मोजमापात आकाशगंगेसारख्याच वितरणाची निघाली. यातील काही विसंगतीचे कारण नंतर उमगले. हलक्या ताऱ्यांचे आधिक्य दीर्घिकेच्या गाभ्यापुरते असते आणि बाहेर जाताना ते ओसरते, त्यामुळे कोणी किती भाग मोजला यावर उत्तर अवलंबून राहते. पण सगळी विसंगती त्याने मिटत नाही.

प्रारूपकारासाठी इथला खरा पेच वस्तुमान-प्रकाश गुणोत्तराच्या दुहेरी अर्थात आहे. जुन्या दीर्घिकेत हे गुणोत्तर दोन कारणांनी वाढू शकते: एक तर मंद बटू तारे जास्त असतील, किंवा एके काळी जड तारे फार जन्मून आता त्यांची कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे उरले असतील. दोन्ही अवस्था वस्तुमानात भर घालतात आणि प्रकाशात नाही. ख्रिस्तोफर बार्बर आणि सहकाऱ्यांनी ईगलच्या पायावर नेमके हेच तपासले. ज्या वायूतून तारा बनतो त्याचा दाब वाढेल तसे जन्मवितरण बदलेल असे धरून त्यांनी दोन सिम्युलेशन चालवली: एकात अर्ध्या सौरवस्तुमानाखालचा उतार अधिक तीव्र होत जातो, दुसऱ्यात त्याच्या वरचा उतार सौम्य होत जातो. दोन्ही कॅपेलारी यांच्या कलाशी जुळवली होती. पहिल्या प्रकारात फीडबॅक आणि धातू फारसे हलत नाहीत, कारण हलके तारे या दोहोंत भागच घेत नाहीत. दुसऱ्यात दोन्ही जोरात हलतात. एकाच निरीक्षणाशी जुळणारी ही दोन विश्वे आतून अगदी वेगळी आहेत.

रासायनिक बाजूने पाहिले तर पेच आणखी घट्ट होतो. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका धातूंनी समृद्ध आहेत आणि त्यांत लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम जास्त आहे. हलक्या ताऱ्यांकडे झुकलेले वितरण सुरुवातीपासून धरले तर जड तारे कमी पडतात आणि एवढे धातू येणार कुठून, हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच १९९० च्या दशकापासून एक जोड-सूचना वारंवार पुढे येते: आरंभीच्या थोड्या काळात वितरण जड ताऱ्यांकडे झुकलेले होते, त्याने धातू दिले, आणि मग ते हलक्या ताऱ्यांकडे झुकले. हिशेब जमतो. पण दोन टप्पे, दोन घात आणि त्यांच्यामधला काळ एवढे मोकळे आकडे हाती असले की बऱ्याच गोष्टी जमतात, म्हणून मी या सूचनेकडे आदराने पण दुरूनच पाहतो.

सिद्धांत या बाबतीत न्यायनिवाडा करील अशी अपेक्षा ठेवू नये. मेघ तुटून किती वस्तुमानाचे गोळे बनतील हे ठरवणारे जीन्स वस्तुमान तापमानाच्या दीड घाताने वाढते आणि घनतेच्या वर्गमुळाने घटते. तारास्फोटात वायू तापलेलाही असतो आणि दाटही, म्हणजे दोन्ही परिणाम विरुद्ध दिशांना ओढतात. प्रचंड खळबळ असलेल्या वायूत लहान गोळे अधिक बनावेत असेही काही सिद्धांत सांगतात, तर वैश्विक किरणांनी वायू आतपर्यंत तापवला तर मोठे. दाविद गुशेय्नोव्ह आणि सहकाऱ्यांनी फायर सिम्युलेशनवर असे अनेक नियम लावून पाहिले आणि त्यांना आढळले की जे नियम दूरच्या दीर्घिकांतील फरक समजावून सांगतात, ते आकाशगंगेच्या आतही इतका फरक भाकीत करतात की जो आपल्याला दिसत नाही. या निष्कर्षाकडे आमच्या क्षेत्रात व्हायला हवे होते तेवढे लक्ष गेलेले नाही.

बटू दीर्घिकांविषयी थोडक्यात. हर्क्युलिस आणि सिंह-४ या आकाशगंगेच्या अतिमंद उपदीर्घिकांत हबल दुर्बिणीने २०१३ मध्ये अर्धा ते पाऊण सौरवस्तुमानाच्या दरम्यानचा उतार सौम्य असल्याचे दाखवले. पण तिथे वितरणाच्या आकाराइतकाच मोठा प्रश्न संख्येच्या अपुरेपणाचा आहे. हजार सौरवस्तुमानांचे तारे बनले तर सरासरी बारा सुपरनोव्हा अपेक्षित असतात, प्रत्यक्षात आठ येतील किंवा सोळा, आणि इतक्या छोट्या दीर्घिकेचा वायू टिकेल की उडून जाईल हे त्यावर ठरते. तिथे सरासरी तक्ता न वापरता तारे एकेक करून यदृच्छेने निवडावेत.

जेम्स वेब दुर्बिणीमुळे हा सारा विषय २०२२ पासून पुन्हा तापला आहे. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आसपास, ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती तांबडा झाला याचे माप; ते जितके मोठे तितका काळ जुना) १४ च्या पुढे, जेड्स-जीएस-झेड१४-० सारख्या दीर्घिका अतिनील प्रकाशात अपेक्षेपेक्षा तेजस्वी दिसल्या. जड ताऱ्यांकडे झुकलेले वितरण हे त्याचे एक स्वाभाविक स्पष्टीकरण आहे, आणि त्याला एक भौतिक आधारही आहे: वैश्विक पार्श्वप्रारणाचे, म्हणजे महास्फोटापासून उरलेल्या प्रारणाचे, तापमान ताम्रसृतीबरोबर वाढते, ताम्रसृती १४ ला ते सुमारे ४१ केल्व्हिन होते, आणि वायू त्याखाली थंड होऊ शकत नाही. आज आकाशगंगेतील तारे जन्मवणारे मेघ १० केल्व्हिनच्या आसपास असतात.

पण इथेही खोडाखोड आहे. वितरण झुकवल्याने प्रति सौरवस्तुमान अतिनील प्रकाश काही पटच वाढतो, आणि त्याबरोबर सुपरनोव्हांची ऊर्जाही वाढते, जी छोट्या दीर्घिकांतला वायू बाहेर फेकून ताऱ्यांची निर्मितीच घटवते. दोन्ही बाजू एकत्र धरल्यावर निव्वळ फायदा बराच आखडतो. जी गणिते प्रकाश वाढवतात पण फीडबॅक जुनाच ठेवतात, त्यांचे आकडे मी स्वीकारत नाही. अर्थात ऊर्जेच्या बाजूलाही एक पळवाट आहे: फार जड तारे स्फोट न होता थेट कृष्णविवरात कोसळू शकतात, आणि पहिले स्फोट होण्यापूर्वी सुमारे तीस लाख वर्षांचा अवधी मिळतो, ज्यात प्रकाश असतो पण स्फोट नसतात. तुटक-तुटक, झटक्यांनी होणारी निर्मिती किंवा धुळीचा अभाव हेही तितकेच सशक्त पर्याय आहेत. आजच्या घटकेला जन्मवितरणाचा बदल मी या पर्यायांपैकी एक मानतो, पहिल्या क्रमांकाचा नव्हे.

याला लागूनच आयनीकारक किरणांचा, म्हणजे हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढून टाकणाऱ्या तीव्र अतिनील प्रकाशाचा, प्रश्न येतो, आणि त्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचाही वाटा आहे. तेथील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२० मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीने ताम्रसृती १.४२ वरच्या एका दीर्घिकेतून निसटणारा तीव्र अतिनील प्रकाश थेट टिपला. किती टक्के आयनीकारक प्रकाश निसटतो हे काढताना मुळात किती निर्माण झाला हे गृहीत धरावे लागते, आणि ते जन्मवितरणावर अवलंबून असते. जड तारे जास्त मानले की निसटण्याचे प्रमाण कमी निघते. विश्वाच्या पुनर्आयनीकरणाची प्रारूपे निर्मिती आणि निसटणे ही दोन्ही प्रमाणे वेगवेगळी धरतात तेव्हा त्यांच्यातील हा संबंध तुटतो.

आता प्रारूपात नेमके काय करावे, याबद्दल. सर्वप्रथम, प्रकाश, परतावा, मूलद्रव्यनिहाय उत्पादन आणि सुपरनोव्हांचा दर हे चारही तक्ते एकाच जन्मवितरणापासून, एकाच ताराप्रारूपाच्या संचावरून नव्याने काढावेत. जुन्या प्रारूपांत परतावा आणि धातूंचे उत्पादन हे दोन स्थिर आकडे म्हणून लिहिलेले असतात, आणि ते तसेच राहून गेल्याची उदाहरणे छापील निबंधांतही सापडतात. वितरण बदलते असेल तर तात्काळ परताव्याचे, म्हणजे तारे जन्मताच त्यांचा परतावा मिळतो असे मानणारे, गृहीतकही सोडावे, कारण निरनिराळ्या काळी जन्मलेले तारे निरनिराळ्या वितरणांचे असतील आणि प्रत्येक पिढीचा परतावा वेगळा साठवावा लागेल. यात स्मृतीचा खर्च वाढतो, पण अर्ध-विश्लेषणात्मक प्रारूपात तो परवडतो.

मग निरीक्षणांकडची पाचवी वाट. प्रकाशित तक्त्यांतील ‘ताऱ्यांचे वस्तुमान’ आणि ‘निर्मितीचा दर’ हे मोजलेले आकडे नसून शाब्रिए किंवा तत्सम एका वितरणातून अनुमानित केलेले असतात. हायड्रोजनच्या अल्फा रेषेवरून दर काढताना तर वीसेक सौरवस्तुमानांहून जड ताऱ्यांवरून उरलेल्या सगळ्यांचा अंदाज बांधलेला असतो. बदलते वितरण असलेले प्रारूप अशा आकड्यांशी ताडणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेली धान्ये एका राशीत घालणे. प्रारूपातून थेट प्रकाश काढावा, त्यावर धूळ लावावी, आणि निरीक्षकांनी नोंदलेल्या तेजस्वितांशी तुलना करावी. पण वितरण स्थिर ठेवायचे असेल तर एवढा खटाटोप नको. सॅल्पीटरमधून शाब्रिएमध्ये जाताना वस्तुमानाला १.६ ने भागले की पुरते, आणि जुने तक्ते टाकून देण्याचे काही कारण नाही.

शेवटी, कशाशी जुळवायचे आणि कशावर परीक्षा घ्यायची, हे आधीच वेगळे ठरवावे. तेजस्विता-वितरण जुळणीसाठी वापरावे, कारण ते फीडबॅकच्या गुणकात तसेही विरघळून जाते. परीक्षेसाठी अशा राशी ठेवाव्यात ज्यांच्यावर तो गुणक सहजासहजी चालत नाही: मोठ्या दीर्घिकांतील मॅग्नेशियम आणि लोहाचे प्रमाण, दीर्घिकासमूहांच्या तप्त वायूतील लोह, जे सूर्यातील प्रमाणाच्या साधारण एक-तृतीयांश आहे, आणि शक्य असेल तर कार्बन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांची गुणोत्तरे. प्रत्येक वितरणासाठी प्रारूप दोनदा चालवावे, एकदा जुनेच गुणक ठेवून आणि एकदा पुनर्जुळणी करून, आणि दोन्ही निकाल शेजारीशेजारी छापावेत. पहिल्यातून जन्मवितरणाचा भौतिक परिणाम दिसेल, दुसऱ्यातून त्यापैकी किती भाग जुळणीने झाकला गेला ते कळेल.